संध्याकाळी पाचची शुगर

पाचपाखाडीतल्या एका औषधाच्या दुकानात परवा एका काकांनी काउंटरवर वही उघडून ठेवली होती. पट्टीने आखलेले रकाने, निळ्या पेनाने लिहिलेले आकडे: ११२, १०८, ११८, १०५. सगळे सकाळचे, उपाशीपोटीचे. शेजारी ‘जेवणानंतर’ असा रकानाही आखलेला होता, पण तो वरपासून खालपर्यंत कोरा. चिकनगुनियाचा ताप जाऊन महिना होत आला होता, तरी मनगटं सुजलेलीच होती आणि वहीचं पान उलटायला त्यांना दोन्ही हात लागत होते. “शुगर तर छान येतेय, मग घसा सारखा कोरडा का पडतो? रात्री चार-चार वेळा उठावं लागतं,” असं ते दुकानातल्या मुलाला विचारत होते. हातातल्या पिशवीत स्टेरॉइडच्या गोळ्यांची पट्टी होती आणि तिच्यावर दुकानदाराने पेनाने लिहिलं होतं, ‘सकाळी नाश्त्यानंतर १’. त्या मुलाने मशीन तपासून घ्यायला सांगितलं. काकांनी मान डोलावली, वही पिशवीत घातली आणि निघून गेले. तो कोरा रकाना मात्र मनातून जाईना.

मशीन बहुतेक ठीकच असणार. आकडेही खरेच असणार. सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीचा साखरेवरचा जोर चार ते आठ तासांनी चढतो, संध्याकाळपर्यंत टिकतो आणि रात्रीतून ओसरतो. म्हणजे दुपारचं जेवण झाल्यावर, चहाच्या वेळी, रात्रीच्या जेवणाआधी रक्तात साखर २८०-३०० च्या घरात असू शकते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोट टोचलं की ११० दिसतं. वर्षानुवर्षं उपाशीपोटी तपासायची सवय लागलेल्या माणसाला हे ११० दिलासा देतं. पण तहान, लघवी, डोळ्यांसमोरची अस्पष्टता आणि संध्याकाळी येणारी गळून गेल्यासारखी अवस्था या आकड्याला जुमानत नाही. स्टेरॉइड चालू असताना मोजायच्या वेळा दोन: दुपारच्या जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, आणि रात्रीच्या जेवणाआधी. एवढ्या दोन वेळांनी सगळं चित्र बदलतं. जेवणानंतरचा आकडा पुन्हापुन्हा १८० च्या वर जात असेल तर डॉक्टरांना कळवावं. सलग दोन दिवस २५० च्या वर राहिला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये.

ठाण्यात दर पावसाळ्याच्या शेवटी हेच चालतं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाचा ताप किती, कुणाच्या प्लेटलेट्स किती, याची चर्चा दिवसरात्र होते. महापालिकेची माणसं येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या उलट्या करतात, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करायला सांगतात. डासाची अंड्यापासून उडेपर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, साठलेलं पाणी ओतून टाकायचा. हे आता सगळ्यांना पाठ आहे. ताप उतरला, रिपोर्ट फाइलला लागला, की ग्रुपवर ‘गेट वेल सून’ची फुलं येतात आणि विषय संपतो. खरं तर चिकनगुनियाचे पहिले तीन आठवडे तीव्र दुखण्याचे, पुढे तिसऱ्या महिन्यापर्यंत रेंगाळणारं दुखणं, आणि त्यापुढेही राहिलं तर ते जुनाट धरतात. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि वय झालेल्यांमध्ये हे रेंगाळणं जास्त दिसतं.

हे मधले दोन महिने कुणाचेच नसतात.

ताप बघणारे फॅमिली डॉक्टर आपलं काम संपलं असं समजतात. सांध्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे जावं तर ते सांधे बघतात. शुगरच्या डॉक्टरांची तारीख तीन महिन्यांनी असते. फायली तीन आणि माणूस एक. कुणी चुकीचं वागतं असंही नाही, प्रत्येकाची गोळी आपापल्या जागी बरोबरच असते. पण त्या गोळ्या ज्या एका शरीरात एकमेकींना भेटतात त्या शरीराचा हिशेब कुणाच्याही कागदावर नसतो. तो घरच्यांनाच ठेवावा लागतो, आणि घरच्यांना कुणी तो शिकवलेला नसतो.

ताप गेल्यावरही साखर का चढलेली राहते, याचं उत्तर स्टेरॉइडपाशी संपत नाही. स्टेरॉइड न घेणाऱ्यांचीही राहते. संसर्गाशी झुंजताना शरीर कॉर्टिसोल, ॲड्रिनॅलिन, ग्लुकॅगॉन ही हार्मोन्स सोडतं, आणि ही सगळी मंडळी यकृताला साखर बाहेर काढायला लावतात. सुजलेल्या सांध्यांतून निघणारी दाहाची रसायनं इन्सुलिनचं काम अडवतात, आणि सांधे महिनाभर सुजलेले असले तर ही अडवणूकही महिनाभर चालते. त्यात तिसरी गोष्ट मिळते, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त ओढून घेतात ते स्नायू, विशेषतः मांड्यांचे. दहा-बारा दिवस अंथरुणात पडून राहिलं की मांड्या हाताला सैल लागायला लागतात. साठीनंतर तर हे फार झपाट्याने होतं. तेवढंच जेवण, तीच गोळी, पण साखर मुरायची जागाच कमी झालेली असते.

आणखी एक साधं कारण अगदी सर्रास सापडतं. ताप-उलट्या चालू असताना डॉक्टर काही गोळ्या थांबवायला सांगतात, आणि ते योग्यच असतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गटातल्या गोळ्या जेवण बंद असताना चालू ठेवल्या तर साखर २०० च्या आतबाहेर असतानाही रक्तात ॲसिड साचू शकतं. उलट्या थांबत नाहीत, श्वास जोरात चालतो, पोट दुखतं. अशा वेळी शुगरचा आकडा बरा दिसला तरी कीटोन, म्हणजे हेच ॲसिड, तपासावेच लागतात. मेटफॉर्मिनही शरीर कोरडं पडलेलं असताना थांबवतात. पण थांबवलेली गोळी परत सुरू करायची राहून जाते. माणूस नीट जेवू-पिऊ लागल्यावर एक-दोन दिवसांत ती सुरू व्हायला हवी असते, आणि महिन्याने बघावं तर पट्टी कपाटात तशीच. तापाच्या चिठ्ठीवर ‘बंद’ लिहिलेलं असतं, ‘केव्हा सुरू’ ते लिहिलेलं नसतं. चिठ्ठी हातात घेतानाच हा प्रश्न विचारून तारीख लिहून घ्यावी.

याच्या उलट घडतं तेव्हा जास्त धोका असतो. तापात वाढवलेलं इन्सुलिन किंवा स्टेरॉइडसाठी वाढवलेला डोस, दाह ओसरल्यावरही तसाच चालू राहतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सांधे सुटायला लागतात, स्टेरॉइड २० मिलिग्रॅमवरून १० वर, १० वरून ५ वर येतं, आणि इन्सुलिन मात्र चढलेल्या आकड्यावर. मग पहाटे घामाने उशी भिजते, छातीत धडधडतं, वाईट स्वप्नं पडतात, सकाळी डोकं जड. लोक याला ‘तापाचा अशक्तपणा’ म्हणतात आणि वर चमचाभर च्यवनप्राश देतात. पहाटे तीनला एकदा बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमी असेल तर परत तेवढीच. ग्लिमेपिराइडसारखी, शरीराला इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी चालू असेल तर साखर एकदा वर येऊन पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून त्यावर काहीतरी खायला द्यायचं आणि सकाळपर्यंत लक्ष ठेवायचं. स्टेरॉइडची प्रत्येक पायरी उतरताना शुगरच्या डॉक्टरांना फोन झालाच पाहिजे. आणि तीन आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टेरॉइड, साखर वाढली म्हणून घाबरून एका दिवसात बंद करायचं नाही; शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, तोवर झोपी गेलेलं असतं.

स्टेरॉइडला नुसती नावं ठेवणं सोपं आहे. ज्या माणसाला दीड महिना पाण्याचा पेला एका हातात धरवत नाही, शर्टाची बटणं लावायला मुलाला हाक मारावी लागते, त्याला ती छोटी गोळी घेतल्यावर दोन दिवसांत मूठ वळायला लागते. तो आनंद खोटा नसतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती शक्यतो टाळतात, नंतर गरज असेल तर कमी डोस, ठरावीक दिवस, हे समजण्यासारखं आहे. चीड येते ती बिननावाच्या पुड्यांची. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणून ओळखीतून मिळणारी, वर ना घटक ना कंपनी. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळण्याचे प्रकार देशभर झालेले आहेत. महिनाभराचं दुखणं एका रात्रीत थांबलं, भूक एकदम वाढली, चेहरा गोल झाला आणि साखर चढली, तर ती पुडी डॉक्टरांसमोर नेऊन ठेवावी. लपवू नये, रागावतील म्हणून तर अजिबातच नाही.

हे सगळं या भागाने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमधून, ठाण्याच्या रुग्णालयांमधून बरे होऊन घरी गेलेल्या कितीतरी मधुमेहींची साखर स्टेरॉइडनंतर आठवडेच्या आठवडे चढलेली होती. त्याच वर्षी मे महिन्यात म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, हा नोंद बंधनकारक असलेला आजार ठरवावा असं केंद्राने राज्यांना सांगितलं. नाकातून काळपट स्राव, गालाला बधिरपणा, एक डोळा सुजणं ही लक्षणं तेव्हा घराघरांत माहीत झाली होती. त्या बुरशीला बळ मिळालं ते न मोजलेल्या साखरेतून आणि स्टेरॉइडमधून. तेव्हा घराघरांत ग्लुकोमीटर आले. त्यातले बरेच आता सेल संपून ड्रॉवरमध्ये पडले आहेत.

आता वेदनाशामकं. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब यांनी सांध्यांना आराम पडतो, पण मधुमेहीच्या मूत्रपिंडावर आधीच भार असतो. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि जोडीला पाणी काढणारी गोळी असेल, तर वेदनाशामक मिळून तिघांचं त्रिकूट होतं आणि आठवड्याभरात क्रिॲटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची रक्तातली खूण, चढू शकतं. लघवी कमी होणं आणि पायांवर सूज ही तिथली खूण. डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत तर या गोळ्या घ्यायच्याच नसतात. पॅरासिटामॉल ६५० दिवसातून चार वेळा म्हणजे २.६ ग्रॅम, हे बहुतेकांना चालतं. पण ॲसिक्लोफेनॅकच्या किंवा ट्रॅमाडॉलच्या मिश्र गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं, ते धरून बेरीज करावी. वेदनाशामक आठवड्याहून जास्त चालणार असेल तर क्रिॲटिनिन आणि पोटॅशियम तपासायला लावा. तपासणी स्वस्त आहे आणि कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होते.

हातांकडे जरा नीट पाहू. मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा झाला की कातडीखालच्या आणि कंडऱ्यांमधल्या (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांमधल्या) प्रथिनांना साखर चिकटत जाते आणि बोटं ताठर होतात. दुखत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. कोपरं बाजूला उचलून नमस्कार करून बघा. तळवा तळव्याला आणि बोट बोटाला पूर्ण टेकायला हवं. करंगळी-अनामिकेच्या मधल्या सांध्यांपाशी फट राहिली, पलीकडचा उजेड दिसला, तर तो ताठरपणा मधुमेहाचा असू शकतो. चिकनगुनियाचं आखडणं वेगळं: ते दुखतं, सुजतं, सकाळी सर्वांत वाईट असतं आणि ऊन चढेल तसं सुटतं. दोन्ही एकाच हातात आली की माणूस सगळा दोष तापाला देतो आणि तीन महिन्यांनीही नमस्काराला फट राहिली की निराश होतो. त्यातला किती ताठरपणा आधीपासूनच होता हे कुणीच पाहिलेलं नसतं. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन हात झटकावा लागत असेल, तर मनगटात नस दबते आहे; रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधला तर पुष्कळ फरक पडतो. बोट मिटल्यावर अडकून टक् आवाजाने सुटत असेल तर ते कंडऱ्याचं दुखणं. त्यावर सांध्याजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, तेव्हाही चार-पाच दिवस साखर चढते, हे आधी सांगितलेलं बरं असतं.

या हातांनीच इन्सुलिनचं पेन चालवायचं असतं. बटण शेवटपर्यंत दाबून सुई आत ठेवूनच दहापर्यंत मोजायचं असतं. आखडलेला अंगठा चार-पाचला सुटतो, सुई बाहेर येते आणि टोकावर थेंब लोंबत राहतो. तो थेंब म्हणजे न मिळालेलं इन्सुलिन. रोज दोन-तीन युनिट असे गळत असतील तर डॉक्टर डोस वाढवत जातात, आणि हात बरा झाला की तोच डोस जास्त होतो. त्यामुळे अशा दिवसांत बटण घरातल्या दुसऱ्या कुणीतरी दाबावं. ४ मिलिमीटरची सुई असेल तर बहुतेकांना कातडीची चिमटी धरावी लागत नाही, म्हणजे एक हात मोकळा राहतो. दर वेळी आधी दोन युनिट हवेत सोडून सुईतून थेंब येतो का बघायचं. साखर तपासतानाही तसंच. सुजलेल्या बोटातून रक्त येत नाही म्हणून बोट पिळलं तर पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. हात कोमट पाण्यात दोन मिनिटं धरून, पुसून कोरडे करून, बोटाच्या कडेला टोचावं. आंबा किंवा संत्रं सोलून तसंच बोट टोचलं तर पन्नास-शंभरने जास्त आकडा येऊ शकतो. आणि आपल्या पावसाळी हवेत स्ट्रिप्सची डबी उघडी राहिली की स्ट्रिप्स खराब झाल्याच म्हणून समजा.

पायांबद्दल एकच गोष्ट, पण ती लक्षात ठेवण्याजोगी. चिकनगुनियात बहुधा दोन्ही घोटे सुजतात आणि दुखतात. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाचं एकच पाऊल सुजलं, लाल झालं, दुसऱ्यापेक्षा हाताला स्पष्ट गरम लागलं आणि त्यामानाने दुखत मात्र कमी असेल, तर ते तापाचं उरलेलं दुखणं समजून मालिश करू नये. आतली हाडं ठिसूळ होऊन मोडत असू शकतात. त्याला शार्को फूट म्हणतात. त्या पायावर वजन टाकणं त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. उशीर झाला तर पावलाची कमान कायमची बसते.

खाण्यात गडबड होते ती मायेपोटी. पेज, मऊ भात, खिमट, चहा-टोस्ट, शहाळं, ग्लुकोज पावडर. तोंडाला चव नसते तेव्हा दोन दिवस हे ठीक, पण ते महिनाभर चालतं. त्यातून जेवणानंतरची साखर वाढते, आणि मांड्यांचे गेलेले स्नायू परत यायला लागणारं प्रथिन मात्र जात नाही. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ६० ते ७० ग्रॅम लागतं. मूत्रपिंड कमकुवत असेल तर किती, ते डॉक्टर ठरवतील. वाटीभर घट्ट मुगाच्या वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास. पेजच करायची तर तांदळाइतकीच मूगडाळ घाला. एक लिटर पाण्यात कालवायच्या साध्या ओआरएसच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे पेल्याला तीन ग्रॅमसुद्धा नाही. मधुमेह्याने जुलाब-उलट्यांत ते घ्यायला घाबरू नये. फळांच्या चवीची तयार पेयं मात्र डब्यामागची साखर वाचल्याशिवाय देऊ नका.

आणि ज्या घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच मधुमेह आहे आणि तिचेच हात आखडलेत, तिथे काय होतं? लाटणं फिरत नाही, कुकरचं झाकण लागत नाही. दोन दिवस पोळी-भाजी केंद्र, मग पाव, मग बिस्किटं. घरातल्या बाकीच्यांचं भागतं. तिची औषधाची वेळ आणि जेवणाची वेळ जुळेनाशी होते, आणि ती कुणाला सांगत नाही. औषधाच्या चिठ्ठीइतकंच महत्त्वाचं काम त्या दिवसांत कणीक मळून देणाऱ्या हातांचं आहे.

फिरण्याबद्दल. कचराळी तलावाला किंवा उपवनला पहाटे साडेपाचला फेऱ्या मारणारी मंडळी ताप गेल्यावर पंधराव्या दिवशी हट्टाने तीच वेळ, त्याच फेऱ्या धरतात. सांधे सर्वांत आखडलेले असतात ती हीच वेळ. त्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर घरातच किंवा सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं चालावं. साखरेलाही त्याचा जास्त उपयोग होतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं पाच वेळा, दिवसातून तीनदा, यानं मांड्या परत भरायला सुरुवात होते. दुसऱ्या दिवशी दुखणं किंवा थकवा वाढला तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून निम्म्यावर यायचं. ‘चालून चालून मोकळं होईल’ हे या दिवसांत खरं ठरत नाही.

तिसऱ्या महिन्यानंतरही सांधे सुटले नाहीत तर संधिवाताच्या तज्ज्ञांकडे जायची वेळ झाली. तिथे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू होऊ शकतं. ही गोळी साखर थोडी उतरवते. भारतात तिला टाइप २ मधुमेहासाठीही मान्यता आहे. म्हणून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी सुरुवातीचे काही आठवडे साखर कमी होत नाही ना हे बघावं. ही गोळीही डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकते, म्हणून पडद्यावर मधुमेहाचे डाग आहेत का हे ती सुरू करतानाच तपासून घ्यावं, म्हणजे पुढे काय कशामुळे झालं ते कळतं. थकवा आणि पायांतल्या मुंग्या जात नसतील तर व्हिटॅमिन बी१२ तपासा. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ते कमी होतं आणि दोष तापाला जातो. एचबीए१सी करायची घाई मात्र नको. त्यात मागच्या तीन महिन्यांचा हिशेब असतो आणि जवळजवळ निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा. सप्टेंबरात ताप आला असेल तर ऑक्टोबरचा आकडा तापाचा आणि स्टेरॉइडचा असेल, तुमच्या मधुमेहाचा नाही. त्यावरून कायमचा डोस ठरवायला नको. डिसेंबरच्या शेवटी करा, आणि जाताना वही न्या, दुपारचा आणि संध्याकाळचा रकाना भरलेली.